कोर्टात अडकलेल्या पोरांसाठी निधी उभा करायचाय? मुंबईत सुरुवात अशी करा

एखादं मंडळ, सोसायटीतला गट, कॉलेजचे माजी विद्यार्थी किंवा ऑफिसातले चार सहकारी एकत्र येतात आणि ठरवतात, की केसमध्ये अडकलेल्या गरीब पोरांसाठी दर महिन्याला काही पैसे बाजूला काढायचे. पहिला खर्च डोळ्यांसमोर येतो तो वकिलाच्या फीचा. या कामात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, की फी हा तुमच्या निधीतला सगळ्यात मोठा खर्च होऊ देऊ नका. वकील मोफत मिळण्याचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. कायदा देत नाही त्या गोष्टी वेगळ्या आहेत: गावच्या शाळेतून वयाचा पुरावा आणायला लागणारं तिकीट, जामीनदाराचा बुडालेला रोज, सुटल्यावर पहिल्या रात्री टेकायला जागा, तारखेच्या आदल्या दिवशी आठवणीनं फोन करणारं माणूस. पोरं आत राहतात आणि सुटून पुन्हा आत जातात, ती बऱ्याचदा या मधल्या गोष्टींपायी. तुमचा पैसा तिथे लागला पाहिजे.

पैसे जमवण्याआधी

सुरुवातीचे काही दिवस फक्त बघण्यात घालवा. दंडाधिकाऱ्यांचं कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. किल्ला कोर्ट, भोईवाडा, कुर्ला, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, जे जवळ पडेल तिथे रिमांडच्या वेळी मागच्या बाकावर मोबाईल बंद करून शांत बसा. एका पोराचं प्रकरण किती मिनिटांत संपतं, त्याची आई कुठे उभी असते, आत्ता काय झालं हे तिला कोण समजावून सांगतं, हे पाहा. बहुतेक वेळा तिला कोणीच सांगत नाही. ‘एमसीआर’ झाला म्हणजे पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी लागली आणि आता जामिनाचा अर्ज टाकायला हवा, एवढं वाक्य जरी कोणी तिला बाहेरच्या व्हरांड्यात नीट सांगितलं, तरी पुढचे कितीतरी दिवस वाचतात.

अठराच्या आतल्या मुलांची प्रकरणं जिथे चालतात त्या बाल न्याय मंडळात मात्र असं जाऊन बसता येत नाही. तिथलं कामकाज मुलांच्या भल्यासाठीच बंद दाराआड चालतं.

मग आधीपासून काम करणाऱ्यांकडे जा. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत कोर्ट, पोलीस ठाणी आणि तुरुंगांत समाजकार्यकर्ते ठेवून काम करतोय. अशा लोकांना विचारा की तुमचं काम कुठे अडतं. उत्तरातच तुमच्या निधीचा आराखडा मिळेल. शिवाय तुमच्यातल्या एक-दोघांनी मोफत वकील देणाऱ्या सरकारी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्यावं. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर अशी दोन वेगळी प्राधिकरणं आहेत, आपलं कोर्ट कोणाकडे येतं ते आधी विचारून घ्या. प्रशिक्षण मिळतं, ओळखपत्र मिळतं, आणि पुढे प्राधिकरणाच्या कार्यालयात तुमच्याकडे कोणी अनोळखी म्हणून बघत नाही.

पैसा कुठे ठेवायचा

कोणा एकाच्या वैयक्तिक गुगल पेवर एक रुपयाही घेऊ नका. हेतू कितीही चांगला असो, हिशेब विचारला की गट फुटतो.

नोंदणी नसलेल्या गटानं धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी काढतात तीच ही परवानगी. वरळीच्या कार्यालयात खेपा घालणाऱ्या कुठल्याही मंडळाच्या खजिनदाराला विचारा, तो सगळं सांगेल. पण हे वर्षानुवर्षांचं काम आहे, त्यामुळे माझा सल्ला असा: पहिल्या वर्षी स्वतःचा ट्रस्ट काढूच नका. नोंदणीकृत, ऑडिट होणाऱ्या संस्थेशी लेखी करार करा, की आमची देणगी अमुक कामासाठीच वापरायची आणि दर तीन महिन्यांनी हिशेब द्यायचा. काम जमतंय अशी खात्री झाली की मग आपली नोंदणी.

देणगीदार आयकरात सवलत मिळावी म्हणून ८०जीची पावती मागतील. त्यासाठी संस्थेची आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते, आणि दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही. परदेशातल्या मित्रांचे पैसे घेताना फार जपा. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस आपल्या कमाईतून देणगी देऊ शकतो, परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी असल्याशिवाय घेता येत नाही, मग तो आपल्याच चाळीत वाढलेला का असेना. कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे सामाजिक कामासाठी त्या काढतात त्या पैशांबद्दल, एक अनुभव सगळ्यांना येतो. कौशल्य प्रशिक्षण, शिक्षण, रोजगार म्हटलं की कंपनी ऐकून घेते, कारण कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ते सरळ बसतं. आरोपीचा बचाव म्हटलं की कंपनी मागे सरते. म्हणून सुटल्यानंतरच्या कामासाठी कंपन्यांकडे जा आणि कोर्टाच्या बाजूचा खर्च माणसांच्या छोट्या, नियमित वर्गणीतून उभा करा.

वाटणीबद्दल माझं मत सांगते. शंभर रुपये जमले तर चाळीस सुटल्यानंतरच्या सहा महिन्यांसाठी आधीच बाजूला काढा. तीस कागदपत्रं, प्रवास आणि बुडालेल्या रोजासाठी, वीस जामिनाच्या फिरत्या निधीसाठी आणि उरलेले दहा फी किंवा तज्ज्ञांसाठी ठेवा. सुटल्यानंतरचे पैसे आधी काढले नाहीत तर ते कधीच उरत नाहीत, कारण आतला पोरगा नेहमीच जास्त तातडीचा वाटतो.

आणि फोटो कुठेही टाकू नका. अठराच्या आतल्या, केसमध्ये सापडलेल्या मुलाचं नाव, चेहरा, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नं बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. देणगीदारांना अहवाल पाठवताना मुलांना क्रमांक द्या. मोठ्या पोरांच्या बाबतीतही हीच शिस्त पाळा. निर्दोष सुटलेल्या पोराचा फोटो निधीच्या आवाहनात फिरत राहिला तर ती शिक्षाच की.

पहिला प्रश्न: वय किती?

गुन्हा घडल्याचा आरोप आहे त्या तारखेला पोरगा अठरा वर्षांच्या आत होता की बाहेर, यावर पुढचं सगळं ठरतं. आत असेल तर त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यातली निदान एक बाई. आरोप गंभीर आहे एवढ्या कारणानं तिथे जामीन नाकारता येत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ मध्ये नकाराची कारणं मोजून तीन आहेत: सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका, किंवा सुटकेमुळे न्यायाचा उद्देशच फसणं. निर्णय होईपर्यंत मुंबईतली मुलं बहुधा डोंगरीच्या निरीक्षण गृहात असतात. १९२७ साली स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी ते चालवते.

अठराच्या बाहेर असेल तर आर्थर रोड, तळोजा, ठाणे किंवा कल्याणचा तुरुंग. चार-सहा महिन्यांच्या फरकानं आयुष्य असं दुसरीकडे वळतं.

आता होतं काय, की ज्या पोराकडे कागदच नाही त्याचं वय अटकेच्या वेळी अंदाजानं लिहिलं जातं. मिसरूड फुटलेली असली की एकोणीस. ते खोडायचं तर पुरावा लागतो, आणि त्याच अधिनियमाच्या कलम ९४ नं त्याचा क्रम ठरवून दिलाय. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही. शाळेकडून नुसता शाळा सोडल्याचा दाखला घेऊन थांबू नका. जनरल रजिस्टरचा सही-शिक्क्याचा उतारा मागा, कारण पहिलीत नाव घातलं तेव्हाची नोंद त्यात असते.

हा उतारा जालन्याच्या, आझमगडच्या किंवा गुलबर्ग्याच्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या नाहीतर सरकारी शाळेत पडलेला असतो. आई मुंबईत धुणीभांडी करते, तिला चार दिवस काम सोडून जाता येत नाही. इथे तुमचं रेल्वेचं तिकीट आणि सोबत जाणारा एक स्वयंसेवक जे करून दाखवतो, ते महागडा वकील कागदाशिवाय करू शकत नाही. आणि उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. अल्पवयीन असल्याचा मुद्दा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर, अगदी निकालानंतरसुद्धा मांडता येतो.

सोळा ते अठरा वयाच्या मुलावर सात वर्षं किंवा त्याहून जास्त किमान शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची प्राथमिक पाहणी करतं आणि खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा का ते ठरवतं. अशा प्रकरणात स्वतंत्र बालमानसतज्ज्ञाचा अहवाल फार वजनदार ठरू शकतो. फीसाठी ठेवलेले दहा रुपये खर्च करायची ही योग्य जागा.

वकील

कोठडीत असलेला कोणीही, कोणतंही मूल, कोणतीही स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, या सगळ्यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली मोफत वकील मिळतो. यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज प्राधिकरणाच्या कार्यालयात करता येतो, तुरुंगातल्या विधी साहाय्य केंद्रातून करता येतो, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारता येतं. प्राधिकरणानं दिलेला वकील घरच्यांकडे पैसे मागू शकत नाही. मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. गुपचूप पैसे देऊन प्रकरण मिटवू नका, नाहीतर पुढच्या पोराच्या आईकडेही ते मागितले जातील.

मोफत वकील म्हणजे हलका वकील, हा समज डोक्यातून काढा. त्यांच्यात तळमळीनं लढणारे पुष्कळ आहेत. त्यांना कमी पडतं ते मागचं बळ. शाळेत कोण जाणार, मालकाचं पत्र कोण आणणार, सीसीटीव्ही असलेल्या दुकानदाराला कोण भेटणार? ते बळ तुम्ही द्या.

खासगी वकील लावायचाच असेल तर फी टप्प्याटप्प्यानं आणि लेखी ठरवा, बँकेतून द्या, पावती घ्या. वकीलपत्रावर सही पोराची किंवा पालकांची असते, तुमची नाही. पैसे तुम्ही दिले म्हणून बचाव कसा करायचा हे तुम्ही ठरवायचं नाही. आणखी एक गोष्ट नवखे लोक हमखास विसरतात. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं कायद्यानं सुरक्षित असतं, तुमचं आणि पोराचं बोलणं तसं सुरक्षित नसतं. त्यामुळे ‘खरं सांग, तू केलंस का?’ हे त्याला कधीही विचारू नका. तो आपणहून सांगायला लागला तर थांबवा आणि ते वकिलाला सांग म्हणा. तुमच्या वहीत घटनेबद्दल एक ओळही नको. जेवला का, झोपला का, औषध मिळालं का, तारीख कधी, एवढंच लिहा.

छोट्या केसमधला मोठा सापळा म्हणजे गुन्हा कबूल करणं. चोरीच्या किरकोळ केसमध्ये पोरगा दोन-तीन महिने आत काढतो आणि कोणीतरी सांगतं, कबूल कर, भोगलेली शिक्षा पुरेशी धरतील, आजच घरी. तो हो म्हणतो. घरी येतोही. पण त्याच्या नावावर आता दोषसिद्धी असते, आणि पुढच्या वेळी परिसरात काही झालं की पहिलं बोलावणं त्याला येतं. निर्णय त्याचाच आहे, पण तो वकिलाशी बोलून, परिणाम समजून आणि घाई नसताना झाला पाहिजे. जामीन वेळेवर झाला तरच ही घाई टळते.

दोषी ठरलाच आणि वय एकवीसच्या आत असेल, तर १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमाचं कलम ६ वकिलाला आठवणीनं मांडायला सांगा. जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात अशा तरुणाला तुरुंगात पाठवायचं तर कोर्टाला त्याची कारणं नोंदवावी लागतात, आणि त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घ्यावा लागतो. तो अहवाल चांगला यावा म्हणून राहायचा पत्ता, कामाचं पत्र आणि प्रवेशाची पावती तयार ठेवणं हे तुमचं काम. परिविक्षेवर सुटलेल्याला त्या दोषसिद्धीची अपात्रता पुढे चिकटत नाही, हे त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं.

जामीन: मंजूर होणं वेगळं, सुटणं वेगळं

मुंबईतली कितीतरी पोरं जामीन मंजूर होऊनही आतच असतात. आदेशात लिहिलेलं असतं, पंधरा हजारांचा जातमुचलका (तारखेला येईन असं पोरानं स्वतः लिहून दिलेलं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जामीनदार म्हणजे रेशन कार्ड, आधार, वीजबिल, पगाराची पावती, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणणारा आणि दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसायची तयारी असलेला माणूस. झोपडपट्टीत भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबाला असा माणूस मिळत नाही. मग गेटवरचा दलाल भेटतो, ‘जामीनदार मी देतो’ म्हणतो, आणि खोट्या कागदांवर जामीन होतो. उघडकीला आलं की पोरगा पुन्हा आत आणि वर नवी केस. निधीतला एक पैसाही या वाटेनं जाता कामा नये.

योग्य वाट अशी. आधी वकिलाकडून पीआर बाँडवर, म्हणजे नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचा अर्ज करा. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर कायदाच त्याला निर्धन मानून पीआर बाँडवर सोडायला सांगतो. जामीनपात्र नसेल तरी ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आहेत. जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिना उलटला तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराच्या हट्टापायी सुटका लांबत असेल तर ती अट घालू नये, असंही त्यात सुचवलं आहे. या निर्देशांची प्रत वकिलाच्या हातात द्या. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारणं चूक आहे, हे तर सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच मोती राम या गवंड्याच्या प्रकरणात बजावलं होतं.

त्यानंतर सरकारी पैसा. केंद्रीय गृह मंत्रालयाची गरीब कैद्यांना साहाय्य करणारी योजना २०२३ मध्ये आली, आणि सुरुवातीला तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत मदत ठरली होती. निर्णय जिल्हा समिती घेते. अमली पदार्थ, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचार प्रतिबंध कायद्याखालच्या केस तिच्यात बसत नाहीत. सध्याची मर्यादा प्राधिकरणात विचारा आणि अर्ज कराच, कारण ही मदत मिळाली तर तुमचे वीस रुपये दुसऱ्या कोणासाठी राहतात.

हे सगळं जमलं नाही तरच स्वतःचा रोख जामीन. मुंबईची कोर्टं बऱ्याचदा जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत देऊन तोवर रोख रकमेवर सोडतात. ही रक्कम खर्च झालेली नसते, अडकलेली असते. पावती कोणाच्या नावे आहे, केस क्रमांक काय, मुदत कधी संपते, हे त्याच दिवशी वहीत लिहा. जामीनदार उभा राहिला की रोख रक्कम परत मागायचा अर्ज लगेच टाका, नाहीतर केस संपेपर्यंत ती तशीच पडून राहील.

तुमच्यापैकी कोणी स्वतः जामीनदार राहणार असेल तर मनापासून स्वागत आहे, पण डोळे उघडे ठेवून. आधी किती जणांना जामीन राहिलात ते कोर्टाला सांगावं लागतं, आणि पोरगा तारखेला आला नाही तर नोटीस तुम्हाला येते. वकिलाला मात्र आपल्याच अशिलाला जामीन राहता येत नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन गोष्टी लाल शाईनं लिहा. पहिली म्हणजे कोर्टानं पहिल्यांदा कोठडी दिल्यापासून साठावा किंवा नव्वदावा दिवस. तोवर दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, पण अर्ज करावा लागतो, आणि अर्जाआधी दोषारोपपत्र आलं तर तो हक्क जातो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना नव्वद दिवस, बाकीच्यांना साठ. दुसरी गोष्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ची. पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बाँडवर सोडायचं असतं. मृत्युदंडाचे आणि जन्मठेपेचे गुन्हे यात नाहीत, आणि एकाहून जास्त केस चालू असतील तरी हा फायदा मिळत नाही.

सुटकेचा दिवसही आखून घ्या. आर्थर रोडच्या दाराशी सुटकेच्या आदेशांसाठी पेटी असते आणि ती ठरलेल्या वेळीच उघडतात. आदेश उशिरा पोचला की पोरगा आणखी एक रात्र आत राहतो. म्हणून कोर्टातून कागद कोण नेणार, कधी निघणार, हे सकाळीच ठरलेलं हवं.

कुठे पैसे द्यायचे नाहीत

फिर्यादीशी ‘सेटलमेंट’ करायला नाही. फिर्यादी, पीडित किंवा साक्षीदार यांना तुमच्या गटातल्या कोणीही फोन करायचा नाही, भेटायचं नाही, निरोप पाठवायचा नाही. पोराचा जामीन त्यापायी रद्द होऊ शकतो, आणि समोरही दुखावलेलं माणूस आहे. कोणालाही चहापाण्याचे पैसे नाहीत. आणि मदतीच्या बदल्यात कसलीही अट नाही: ना मुलाखत, ना स्टेजवर सत्कार, ना धर्मांतर, ना मत.

सुटल्यावर

पहिले दोन दिवस सगळ्यात नाजूक असतात. पोरगा संध्याकाळी दारातून बाहेर येतो तेव्हा त्याचा मोबाईल मुद्देमालात जमा असतो आणि नंबर एकही पाठ नसतो. घ्यायला माणूस हवा, हातात तिकिटाचे पैसे हवेत, आणि आधी पोटभर जेवण. तळोज्याहून सुटणार असेल तर गाडीची सोय आधी करून ठेवा. घर आणि भांडणाची जागा एकाच गल्लीत असेल तर थोडे दिवस मावशीकडे, मामाकडे, गावाला. मात्र कोर्टानं हद्द सोडायला मनाई केलीय का, हे आदेशात वाचल्याशिवाय गावाला पाठवू नका. पोलीस ठाण्यात हजेरीची अट घातली असेल तर वार आणि वेळ आईच्या फोनवर टाका.

मग कागद आणि अवजारं. मुद्देमाल परत मिळवायचा अर्ज वकिलाला लगेच करायला सांगा. डिलिव्हरी करणाऱ्या पोराची जप्त बाईक महिनोन्महिने पोलीस ठाण्याच्या आवारात गंजते आणि तोवर त्याचा हप्ता चालू असतो. बाईक सुटली तर कित्येकदा दुसरी नोकरी शोधावीच लागत नाही.

शिक्षण सुटलं असेल तर दहावी-बारावीला खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरता येतो, पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, हाताला काम हवं असेल तर आयटीआय. शिष्यवृत्ती त्याच्या हातात एकदम देऊ नका. फी संस्थेला द्या, आणि महिन्याचा पास व डब्याचे पैसे त्याला. नोकरीसाठी मालकाशी बोलायचं तर पोराला विचारूनच बोला, किती सांगायचं ते त्यानं ठरवावं. महिन्यातून एक दिवस तारखेसाठी सुट्टी देणारा मालक हा हजार रुपये जास्त पगार देणाऱ्यापेक्षा बरा. अठराच्या आतल्या प्रकरणात झालेल्या निर्णयाची कोणतीही अपात्रता, बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे, पुढे लागत नाही. अपवाद फक्त सोळावरच्या, मोठ्यांसारखा खटला चाललेल्या मुलांचा. अठरा पूर्ण होऊन बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी सरकारची अनुरक्षणाची मदत आहे, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत ती महिन्याला चार हजार रुपये धरली आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करा.

नशेचा प्रश्न असेल तर लपवू नका आणि ओरडू नका. केईएम किंवा नायरच्या मानसोपचार ओपीडीत सोबत जा, रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे.

आणि तारखा. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये केसचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. प्रत्येक पोरामागे एक माणूस नेमा. त्यानं तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन करायचा आणि पोरगा शक्य नाही म्हणाला तर वकिलाला त्याच वेळी कळवायचं. एक तारीख चुकली की वॉरंट निघतं, आणि मग जामीन, जामीनदार, रोख रक्कम, नोकरी सगळं एका दमात जातं. चॅप्टर केसची (शांतता राखण्याची हमी मागणारी कारवाई) किंवा तडीपारीची नोटीस आली तर त्याच दिवशी वकिलाकडे न्या. तडीपारीआधी म्हणणं मांडायची संधी कायद्यानं द्यावी लागते, ती कोणी सांगितलं नाही म्हणून वाया जाऊ देऊ नका.

केस संपल्यावर

निकालाची प्रमाणित प्रत काढा, निर्दोष सुटला असेल तर दोन काढा. एक घरी, एक तुमच्या फाईलमध्ये. पोलीस पडताळणीत जुनी केस ‘प्रलंबित’ दिसली की हीच प्रत दाखवावी लागते. मुलाच्या प्रकरणात अपिलाची मुदत उलटली की रेकॉर्ड नष्ट करण्याबद्दल मंडळानं काय निर्देश दिले, ते वकिलाकडून लेखी घ्या. रोख जामीन अजून कोर्टात असेल तर मूळ पावती जोडून परताव्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाका, रक्कम खात्यात जमा झाली की वहीतली नोंद बंद करा. मोकळ्या झालेल्या जामीनदाराला फोन करून तसं सांगा.